सभागृहातील सफाई कर्मचारी ताईंचे आभार

नेत्रतज्ज्ञ आणि ऑप्टोमेट्रिस्ट (दृष्टी तपासून चष्म्याचा नंबर देणारे) यांच्या निरंतर शिक्षण परिषदेला जोडूनच आम्ही माजी विद्यार्थ्यांचा स्नेहमेळावा ठेवला होता. दुपारच्या सत्राआधी प्रसाधनगृहात फरशी धुण्याचे अल्कलीयुक्त द्रावण आमच्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंच्या उजव्या डोळ्यात उडाले. अल्कली बहुतेक आम्लांपेक्षा डोळ्यात खोलवर शिरते, त्यामुळे पारपटल, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, वाचवायचे तर पहिली काही मिनिटेच निर्णायक ठरतात. आम्ही तज्ज्ञ मंडळी शेजारच्याच दालनात होतो, पण ही मिनिटे वाया जाऊ दिली नाहीत ती तेथील सफाई कर्मचारी ताईंनी. बाईंचे डोके उजवीकडे कलते करून, डाव्या डोळ्यात पाणी जाणार नाही अशा बेताने त्यांनी नळाची धार सोडली, पापण्या बोटांनी उघड्या धरल्या आणि "डोळा मिटू नका, मी आहे ना," असे त्या सारखे म्हणत राहिल्या. स्वतःचा पदर चिंब भिजला तरी आम्ही सलाइन घेऊन पोहोचेपर्यंत त्यांनी धार थांबू दिली नाही. पुढे तपासणीच्या पट्टीवर पीएच (आम्ल-अल्कलीचे माप) ७ च्या आसपास, म्हणजे उदासीन पातळीवर, स्थिरावेपर्यंत डोळा धूत राहणे, एवढेच काम आमच्या वाट्याला आले. बाईंची दृष्टी शाबूत आहे. गडबडीत नाव विचारायचे राहिले, म्हणून त्या ताईंचे येथे जाहीर आणि मनःपूर्वक आभार मानतो.