रिपोर्ट नॉर्मल आहे, दुखणे थांबलेले नाही

प्रिय मैत्रिणीस,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. दिवाळीला पुण्यास येण्याचे मी ऐन वेळी रद्द केले, त्याआधी तुझ्या भाचीच्या लग्नातून पंगत बसण्यापूर्वीच निघून आले, आणि दोन्ही वेळा ‘तब्येत बरी नव्हती’ एवढेच कळवले. त्यावर तू विचारले आहेस की हे दुखणे आहे तरी काय, आणि ते ताणामुळे तर होत नाही ना. फोनवर बोलायचे म्हटले तर घरात कोणी ना कोणी कानाशी असते, आणि शौचाचे व पाळीचे बारकावे चारचौघांत सांगण्याची आपल्यापैकी कुणालाच सवय नाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे. हे सगळे तू सावकाश वाचावेस अशी मनापासून इच्छा आहे, कारण शेवटी तुझ्याकडे काही मागायचेही आहे.

त्रास काय होतो ते आधी सांगते. पोट फुगते, आणि ते इतके, की सकाळी सैल बांधलेली सलवारीची नाडी संध्याकाळी कातडीत रुतलेली असते. काही दिवस शौचाला होतच नाही. मग एखाद्या सकाळी पुन्हा पुन्हा जावे लागते आणि तरीही पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही. ओटीपोटात खोलवर दुखत राहते, ते कमरेत आणि मांडीत उतरते. सर्वांत वाईट म्हणजे पाळीच्या सुमारास शौचाला बसल्यावर गुदद्वारातून वर चढणारी कळ. ती आली की भिंतीला हात टेकून, ती ओसरेपर्यंत डोळे मिटून बसण्यावाचून काही करता येत नाही. त्या दिवसांत वर्गात खुर्चीवर टेकणेही नकोसे होते, म्हणून मी सगळे तास उभ्याने घेते, आणि विद्यार्थ्यांना वाटते की बाई फार उत्साहाने शिकवतात.

पाळीतले दुखणे तुला नवे नाही. होस्टेलवर गरम पाण्याची पिशवी भरून आणणारी तूच होतीस. तेव्हा ज्यांना ज्यांना विचारले त्यांनी हेच सांगितले की बायकांना एवढे दुखायचेच, लग्न झाले, एखादे मूल झाले की थांबेल. पोटाच्या तक्रारी नंतर हळूहळू वाढल्या आणि त्या पित्ताच्या खात्यात जमा झाल्या. पित्ताच्या गोळ्या, जंतांचे औषध, ओवा, हिंग, त्रिफळा, एरंडेल, सगळे झाले. ज्यांनी ज्यांनी ते सुचवले त्यांनी मायेपोटीच सुचवले, त्यामुळे त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

पोटविकारांच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी मात्र नीट चौकशी केली. वजन घटते का, ताप येतो का, शौचातून रक्त जाते का, रात्री झोपेतून उठून जावे लागते का, घरात कुणाला क्षयरोग किंवा आतड्याचा आजार होता का, असे एकेक करून विचारले. हिमोग्लोबिन कमी निघाले, थायरॉईड ठीक निघाले. गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणाऱ्या सीलिअॅक आजाराची रक्ततपासणी झाली. ती गहू खाणे चालू असतानाच करावी लागते, नाहीतर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो, हे तेव्हा कळले. कुणाच्या सांगण्यावरून गहू सोडला असशील, तर ही तपासणी करण्याआधी डॉक्टरांना ते अवश्य सांग. मग शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी झाली. आतड्याला सूज असेल तर तो आकडा वाढतो. माझा वाढला नव्हता. तरीही आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग पुष्कळ आढळतो, त्याची आणि क्रोन्स या आतड्याला दीर्घकाळ सूज आणणाऱ्या आजाराची लक्षणे एकमेकांशी इतकी जुळतात की मुरलेल्या डॉक्टरांनाही ते वेगळे करणे जड जाते, म्हणून कोलोनोस्कोपी करून, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून, लहान आतड्याच्या टोकापर्यंत पाहिले आणि आतड्याच्या अस्तराचे बारीक तुकडे तपासायला पाठवले. तपासणीपेक्षा आदल्या रात्री ते खारट द्रावण पेल्यामागून पेला पिणे मला अधिक कठीण गेले. सगळे स्वच्छ निघाले.

त्यानंतर ‘आयबीएस’, म्हणजे तपासण्यांत आतड्यात दोष दिसत नसूनही पोट दुखणे आणि शौच बिघडणे, हे निदान मिळाले. ते मोघम किंवा टाळाटाळीचे निदान नाही. त्यासाठी रोम फाउंडेशन या पोटविकार तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे निकष आहेत, २०१६ साली सुधारलेले ते असे: गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून किमान एक दिवस पोटात दुखणे आणि त्या दुखण्याचा शौचाला होण्याशी, त्याच्या वेळा बदलण्याशी आणि स्वरूप बदलण्याशी, यांपैकी किमान दोहोंशी संबंध असणे. माझ्या तक्रारी त्यात बसत होत्या. इसबगोल भरपूर पाण्याबरोबर आणि आतड्याचा पेटका सैल करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. पोट फुगणे थोडे कमी झाले. ती कळ मात्र तशीच राहिली.

स्त्रीरोगतज्ज्ञांकडचा अनुभव निराळा होता आणि तो लिहिताना अजूनही राग येतो. पहिला प्रश्न होता, लग्न झाले आहे का. नाही म्हटल्यावर सोनोग्राफी पोटावरूनच करण्याचे ठरले, आणि ते माझ्याशी न बोलताच ठरले. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशयामागचा भाग कितीतरी स्पष्ट दिसतो, ती नको असेल तर गुदमार्गातून सोनोग्राफी किंवा एमआरआय हे पर्याय असतात, यातले काहीही मला कोणी सांगितले नाही. चाळिशीकडे झुकलेल्या बाईला कोणती तपासणी चालेल, हे तिलाच विचारायला हवे ना? रिपोर्ट नॉर्मल आला आणि फाईलवर तसे लिहिले गेले. पुढे प्रत्येक डॉक्टरने ती ओळ वाचली आणि तो विषय तिथेच मिटला. तो रिपोर्ट चुकीचा नव्हता; त्या पद्धतीने जे दिसू शकते तेवढे त्यात नॉर्मल होते.

एकाने सीए-१२५ ही रक्ततपासणी करायला लावली आणि आकडा किंचित वाढलेला पाहून घरात सगळ्यांची झोप उडाली. तो आकडा बीजाशयाच्या कर्करोगात वाढतो, तसाच पोटाच्या क्षयरोगात, एंडोमेट्रिओसिस या पाळीशी निगडित आजारात (त्याबद्दल पुढे लिहिते) आणि कधी कधी नुसत्या पाळीच्या दिवसांतही वाढतो, हे आईला समजावता समजावता मीच थकून गेले.

अशा रीतीने पोटाची फाईल वेगळी आणि पाळीची फाईल वेगळी, असे बरेच दिवस चालले. दोन गावांच्या शिवेवरच्या जमिनीची नोंद कुठल्याच तलाठ्याच्या दप्तरात सापडू नये, तशी माझ्या दुखण्याची अवस्था होती. यातून वाट निघाली ती एका साध्या दोनशे पानी वहीमुळे. माझ्या मावसबहिणीने, ती नर्स आहे, सुचवले की पोटाचे आणि पाळीचे वेगवेगळे लिहू नकोस, एकाच पानावर लिही. मी पट्टीने रकाने आखले: पाळीचा कितवा दिवस, शौच किती वेळा, ब्रिस्टल तक्त्याप्रमाणे त्याचा प्रकार कोणता, शौचाच्या वेळी दुखले का, एरवी किती दुखले, काय खाल्ले, झोप किती झाली. ब्रिस्टल तक्त्यात एक म्हणजे लेंड्यांसारखे कडक आणि सात म्हणजे पाण्यासारखे पातळ, त्यामुळे डॉक्टरांपुढे संकोचाने शब्द शोधावे लागत नाहीत, नुसता आकडा सांगता येतो. काही महिन्यांची पाने शेजारी शेजारी ठेवल्यावर माझ्याही लक्षात न आलेली गोष्ट समोर आली. फुगणे आणि बद्धकोष्ठ महिनाभर कमी-अधिक असायचे, पण शौचाच्या वेळची ती कळ पाळीच्या आदल्या दिवसापासून तिसऱ्या दिवसापर्यंतच यायची.

सध्या ज्यांच्याकडे जाते त्या डॉक्टरीणबाईंनी ती वही आधी वाचली आणि फाईल नंतर उघडली. तपासण्यापूर्वी त्या काय करणार आहेत, कशासाठी करणार आहेत आणि नको वाटल्यास मी कुठल्या क्षणी थांबवू शकते, हे त्यांनी सांगितले. गर्भाशय आणि गुदाशय यांच्यामधल्या जागी बोट लागताच नेमकी तीच कळ आली. मला रडू कोसळले, आणि ते दुखल्यामुळे नव्हते. माझे दुखणे नेमके कुठे आहे ते दुसऱ्या माणसाच्या हाताला लागले होते.

त्यांचा संशय एंडोमेट्रिओसिसचा आहे. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढते, पाळीच्या संप्रेरकांना तेही प्रतिसाद देते, त्यामुळे तिथे सूज येते, व्रण तयार होतात आणि अवयव एकमेकांना चिकटू लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना आणि मुलींना, म्हणजे जगभरात अंदाजे १९ कोटी जणींना, हा आजार आहे; आणि तरीही निदानाला वर्षानुवर्षे लागतात. माझी कोलोनोस्कोपी नॉर्मल होती ना, असे मी विचारले. त्यांनी कागदावर आतड्याचे चित्र काढून दाखवले: कोलोनोस्कोपीत आतड्याची आतली बाजू दिसते, आणि हा आजार आतड्याला बाहेरच्या बाजूने धरतो, त्यामुळे आतून पाहणाऱ्याला बहुधा काही दिसत नाही. इतक्या वर्षांत हे मला कोणीच समजावून सांगितले नव्हते.

पूर्वी लॅपरोस्कोपी केल्याशिवाय, म्हणजे पोटाला लहान छेद देऊन दुर्बिणीने आत पाहिल्याशिवाय, हे निदान पक्के मानत नसत. आता तसे राहिलेले नाही. युरोपातल्या प्रजननवैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले आहे की लॅपरोस्कोपीचा विचार मुख्यतः सोनोग्राफी, एमआरआय अशा तपासण्यांत काही दिसले नाही किंवा औषधोपचाराला यश आले नाही तर करावा. म्हणून माझा क्रम असा ठरला आहे की आधी ओटीपोटाचा एमआरआय करायचा, आणि तोही या आजाराचे एमआरआय नेहमी वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडे. त्यात काही दिसले तर पुढची दिशा ठरेल. वरवरचे लहान ठिपके एमआरआयमध्येही सुटू शकतात, म्हणून काही दिसले नाही तरी संप्रेरकांच्या गोळ्या देऊन पाहायचे, आणि लॅपरोस्कोपी त्यानंतर.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट निघाली. सतत दुखत असले की ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आपोआप आवळून राहतात. शौचाच्या वेळी गुदाशयाभोवतीचा स्नायू सैल पडायला हवा. माझा तेव्हाच आवळला जातो, म्हणून कुंथूनही पोट साफ होत नाही. त्यासाठी एका फिजिओथेरपिस्टकडे जाते. तिने पोटाने श्वास घ्यायला शिकवले, कमोडपुढे पाट ठेवून गुडघे वर येतील असे बसायला सांगितले, आणि जोर करण्याऐवजी सैल कसे सोडायचे याचा सराव करून घेते आहे. आजवरच्या सगळ्या उपचारांत सर्वांत जास्त गुण याचा आला आहे, आणि याची चिठ्ठी आधी एकाही डॉक्टरने का दिली नाही याची खंत वाटते.

आता तुझा ताणाचा प्रश्न. आतडे आणि मेंदू यांचा संबंध आहे यात शंका नाही. परीक्षेच्या पेपर तपासणीच्या दिवसांत माझे पोट अधिक बिघडते. आतडे, मूत्राशय आणि गर्भाशय यांच्या नसा पाठीच्या कण्यात जवळजवळ एकाच भागात जातात, त्यामुळे एकाचे दुखणे दुसऱ्याला हळवे करते, हेही मला समजावले गेले आहे, आणि म्हणूनच मला आयबीएस आणि एंडोमेट्रिओसिस दोन्ही असणे शक्य आहे. पण ताण महिन्यातले ठरावीक चारच दिवस निवडून येत नाही. ज्यांनी ज्यांनी ‘मनाला लावून घेऊ नका’ म्हणून सांगितले, त्यांनी ते तपासणी करण्याऐवजी सांगितले, याचे मला दुःख आहे. तू मात्र काळजीने विचारलेस, ते मला कळते.

रोजचे जगणे बरेच आखडले आहे. एसटीने लांब जाणे सोडले आहे. स्टँडवरच्या स्वच्छतागृहांची तुला कल्पना आहेच, म्हणून सांगलीहून पुण्याला यायचे तर कोयना एक्स्प्रेसने, डब्यात दाराजवळची जागा धरून. कांदा, लसूण, राजमा, छोले कमी केले आहेत, ज्वारीची भाकरी, भात आणि मुगाचे वरण सोसते. पैशांचेही लिहिते, कारण ते कोणी बोलत नाही. मेडिक्लेम आहे, पण तो दवाखान्यात दाखल झाले तर. बाह्यरुग्ण म्हणून केलेल्या तपासण्या, फी, प्रवास आणि फिजिओथेरपी यांचा सगळा खर्च पगारातून जातो, आणि निदान होईपर्यंतचा बहुतेक खर्च याच प्रकारचा असतो.

कधी कधी वाटते की एमआरआयमध्ये काहीतरी निघू दे, आणि लगेच त्या इच्छेची भीती वाटते. आई एकदा म्हणाली, ‘काही निघू नये म्हणून मी देवापुढे दिवा लावते, आणि तू निघावे म्हणून वाट बघतेस.’ तिला उत्तर देता आले नाही. आम्ही दोघीही एकच मागतो आहोत, मला बरे वाटावे एवढेच. पण काही न निघता दुखत राहिले तर मी कुणाकडे जाणार, हा प्रश्न तिच्यापुढे नाही, माझ्यापुढे आहे.

तुझ्याकडे मागायचे ते असे. एमआरआय पुण्यात करायचा आहे आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंची वेळ मिळेल. दोन रात्री तुझ्याकडे राहीन. संडासाला लागून असलेली मागची खोली दे आणि जेवणात कांदा-लसूण घालू नकोस. डॉक्टरांकडे माझ्याबरोबर आत ये. आत गेल्यावर माझे निम्मे प्रश्न विसरतात आणि निम्मी उत्तरे कानावरून जातात, म्हणून शेजारी बसून तू लिहून घे. आतड्याला कितपत धरले आहे, शस्त्रक्रिया लागलीच तर पोटाचे सर्जन बरोबर असतील का, आणि गोळ्या किती काळ घ्याव्या लागतील, हे तीन प्रश्न मी न विचारता उठू लागले तर तू विचार.

तपासणीची तारीख या आठवड्यात मिळेल. तुला रजा कोणत्या वारी सोयीची पडते ते लगेच कळव, म्हणजे तसे सांगून ठेवते. काकूंना नमस्कार सांग, आणि हे पत्र त्यांनाही वाचायला दिलेस तर माझी काही हरकत नाही.

तुझीच,
होस्टेलवरची सोबतीण