पत्त्याचा रकाना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

२२ वर्षे सैन्यात काढलेले माझे थोरले बंधू एका बंद दुकानाच्या पायरीवर झोपत होते, हे लिहिताना हात जड होतो. पण तुमचे आभार मानायचे तर ते लिहिलेच पाहिजे. सेवेत असेपर्यंत राहण्याची सोय सैन्याची होती, सततच्या बदल्यांमुळे कुठेच बस्तान बसले नाही, आणि गणवेश उतरला तेव्हा त्यांच्या नावावर ना घर होते, ना भाड्याने जागा देताना कुणी विचारावी अशी ओळख. पुढे मोडलेली झोप, दारू, सुटलेली नोकरी आणि संपलेला भाडेकरार हे एकामागोमाग आले. आम्हाला मात्र ते खुशालीच कळवत राहिले.

तुम्ही त्यांच्या शेजारी पायरीवर बसून, मांडीवर फाइल ठेवून अर्ज भरलात. सेवामुक्तीचे कागद त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवले होते. अडले ते पत्त्याच्या रकान्यापाशी. पत्ता नाही म्हणून बँकेचे पत्र येत नाही, पत्र नाही म्हणून निवृत्तिवेतनाची अडचण सुटत नाही आणि हाती पैसा नाही म्हणून पत्ता मिळत नाही, अशा फेऱ्यात ते अडकले होते. तुम्ही तिथे ‘द्वारा’ असे लिहून पुढे आपल्या कार्यालयाचा पत्ता घातलात.

आधी दारू सुटू दे, मग खोलीचे पाहू, असा माझा आग्रह होता. सामान कोण उचलून नेईल या धास्तीने रात्रभर जागणारा माणूस उपचाराची वेळ कशी पाळणार, असे तुम्ही मला विचारलेत आणि मी निरुत्तर झालो. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली सुरू झालेल्या ‘पाथवेज टू हाउसिंग’ या संस्थेने आधी घर, मग उपचार ही वाट घालून दिली, हेही तुमच्याकडूनच कळले. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी भाड्याची मदत आणि उपचार यांची सांगड घातली गेली, आणि तेथे एका ठरावीक रात्री होणाऱ्या बेघरांच्या मोजणीत २०१० मध्ये सुमारे ७४ हजार असलेले बेघर माजी सैनिक २०२४ मध्ये ३३ हजारांच्या आत आले.

खोली मिळाल्यावरही कितीतरी दिवस ते बूट घालूनच झोपत. तुम्ही दर आठवड्याला येत राहिलात. किल्ली मिळवून देण्याहून हे येत राहणेच अधिक कठीण होते, असे मला वाटते. दारू अजून पूर्ण सुटलेली नाही, पण गेल्या चार महिन्यांत त्यांनी उपचाराची एकही वेळ चुकवलेली नाही.

या पत्राची एक प्रत टपालाने पाठवत आहे. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला आहे.

आपला कृतज्ञ,
एका माजी सैनिकाचा धाकटा भाऊ