पाडण्याआधी वाड्यांची मापे घ्यावीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की पेठांमधील धोकादायक वाड्यांना नोटिसा बजावल्याच्या बातम्या येऊ लागतात आणि दसऱ्यापर्यंत त्यांतले काही वाडे दिसेनासे झालेले असतात. त्यांविषयीची एक सूचना आपल्या पत्रातून मांडावी, असे गेल्या वर्षी केलेल्या एका प्रवासामुळे मला प्रकर्षाने वाटू लागले आहे.

मी आणि माझी बालमैत्रीण पोलंडची राजधानी वॉर्सा येथे आठ दिवस राहून आलो. तिथल्या जुन्या शहरातून हिंडताना उतरत्या छपरांची रंगीत घरे, अरुंद बोळ, बाजारचौकातील ढाल-तलवार घेतलेली मत्स्यकन्या, हे सारे तीन-चारशे वर्षांपूर्वीचे वाटते. प्रत्यक्षात त्यातले बहुतेक आमच्याच वयाचे आहे. १९४४ च्या ऑगस्टमध्ये वॉर्साच्या नागरिकांनी नाझी सत्तेविरुद्ध उठाव केला, तो ६३ दिवस चालला, आणि त्या लढाईत व नंतर सूड म्हणून केलेल्या पद्धतशीर विध्वंसात जुन्या शहराचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग जमीनदोस्त झाला. युद्ध संपल्यावर लोकांनी तो पुन्हा उभारला. १९५३ मध्ये बाजारचौक खुला झाला, १९८० मध्ये युनेस्कोने या पुनर्बांधणीचा जागतिक वारसा यादीत समावेश केला आणि राजवाडा तर १९८४ मध्ये पूर्ण झाला. (याच पोलंडच्या सुमारे पाच हजार निर्वासितांना युद्धकाळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याने आसरा दिला होता, हे तिथे फिरताना सारखे आठवत होते.)

राजवाड्याच्या एका दालनात बेर्नार्दो बेलोत्तो या अठराव्या शतकातील दरबारी चित्रकाराने रंगवलेली वॉर्साची चित्रे लावली आहेत. ती इतकी बारकाईने काढलेली आहेत की घरांच्या खिडक्या मोजता येतात. पुनर्बांधणी करणाऱ्यांनी त्यांचा आधार घेतला, ही गोष्ट बहुतेक पर्यटकांना सांगितली जाते. मला मात्र दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटली. तिथल्या तंत्रविद्यापीठातील वास्तुकलेचे विद्यार्थी युद्धापूर्वीच जुन्या इमारतींची मापे घेऊन आराखडे तयार करत होते. शहर जळत असताना प्राध्यापकांनी ते कागद जिवापाड जपले, शहराबाहेर नेऊन एका मठात दडवले, आणि पुढे गवंड्यांच्या हाती तेच आले.

त्या रात्री हॉटेलच्या खोलीत मैत्रिणीने एक कोरा कागद घेतला आणि शनिवार पेठेतला आपला वाडा काढायला बसली. पानशेतच्या पुरातून तो वाचला होता, पण पुढे तिथे अपार्टमेंट झाले. दिंडी दरवाजा, देवडी, पहिला चौक आणि त्यातला हौद इतके भराभर उमटले. मग तिचा हात थांबला. माडीवर जाणारा जिना देवडीला लागून होता की ओसरीच्या टोकाला, यावर आमचे एकमत होईना. ओसरीला पाच खण होते असे ती म्हणत होती, मला सात आठवत होते. दुसऱ्या दिवशी तिने पुण्याला भावाला फोन केला. त्याला कडीपाटाचे छत आठवले, माजघरातला कोनाडा आठवला, जिना आठवला नाही. घरातली छायाचित्रे काय ती मुंजीची आणि लग्नाची. त्यांत माणसे पुढे उभी आहेत आणि खांब त्यांच्यामागे झाकले गेले आहेत. ज्या घरात ती २२ वर्षे वाढली, त्याचा साधा आराखडा आम्हा दोघींना मिळून काढता आला नाही, याचे तिला फार वाईट वाटले, आणि मलाही.

शनिवारवाड्याची तरी गोष्ट काय वेगळी आहे? १८२८ च्या आगीत आतले महाल गेले. एका दरबारी प्रसंगाच्या चित्रावरून गणेश रंगमहालाची कल्पना येते, बाकी आपण जोती पाहून तर्क करतो. बुधवारवाडा १८७९ मध्ये जळाला, त्याचे तर जोतेही उरले नाही.

वाडे पाडूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. गळकी छपरे, सामाईक संडास, ढासळणाऱ्या मातीच्या भिंती आणि मालक-भाडेकरूंचे वर्षानुवर्षे चालणारे खटले यांत दिवस काढणाऱ्यांना बाहेरच्यांनी संस्कृतीचे धडे देणे अन्यायाचे आहे. माझी विनंती एवढीच की, जुना वाडा उतरवण्याची परवानगी देताना महापालिकेने त्याचे मोजमापासह आराखडे व छायाचित्रे दप्तरी जमा करण्याची अट घालावी आणि हे काम शहरातील वास्तुकला महाविद्यालयांकडे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून सोपवावे. जुन्या इमारतींची मापे घेणे हा त्यांच्या शिक्षणाचा भाग असतोच. फक्त जो वाडा उद्या नसणार आहे तो आधी निवडावा. मालकाचा त्यात खर्च नाही आणि कामही रखडत नाही. सुरूदार खांब आणि कोरीव तुळया जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जाण्यापूर्वी त्या कुठे, कशा बसवल्या होत्या, एवढे तरी कागदावर राहील.

आमच्या गल्लीतल्या एका वाड्याला नोटीस लागली आहे. मालकांनी आनंदाने होकार दिला असून येत्या रविवारी मी, मैत्रीण आणि वास्तुकला शिकणारी तिची नात अशा तिघी टेप घेऊन तिथे जाणार आहोत. सुरुवात जिन्यापासून करायची, असे मैत्रिणीने आधीच सांगून ठेवले आहे.

आपली नम्र,
एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे