पन्हाळीतली धूळ: मध्याला पत्र

परळ, मुंबई
दसऱ्यानंतरचा रविवार

प्रिय मध्या,

तुझं पत्र परवा मिळालं. ‘वीस वर्षं दगड कापले आणि आता फॉर्मात रकाना आलाय, संशोधनाचा प्रभाव. काय लिहू?’ हे वाचून रात्री नीट झोप लागली नाही. कॉलेजने आकडा मागावा आणि तू त्यावर स्वतःची किंमत करावीस, याचा मला राग आलाय रे. म्हणून आज तुला डोनाल्ड ब्राऊनलींबद्दल लिहितो. सियाटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातला हा माणूस आयुष्यभर धुळीच्या मागे लागला.

अवकाशातून धूळ पडते हे 1870च्या दशकात चॅलेंजर जहाजाने समुद्रतळाचा गाळ उपसला तेव्हापासून माहीत होतं. पेच वेगळाच होता. हातातला कण वरून आलाय की इथल्याच एखाद्या भट्टीतून उडालाय, हे ठरवायचं कसं? ब्राऊनलींनी सरळ विचार केला, जमिनीची धूळ फारशी पोचत नाही तिथे जाऊन पकडायची. हेरगिरीसाठी बनवलेल्या यू-2 जातीच्या विमानाला सिलिकॉन तेल लावलेल्या पट्ट्या बांधल्या आणि वीस किलोमीटर उंचीवर कण गोळा केले. एका केसाच्या जाडीत असे सात-आठ मावतील! 1977 साली त्यांतल्या काहींमध्ये सौरवाऱ्याने, म्हणजे सूर्यातून सतत सुटणाऱ्या कणांच्या झोताने, रुजवलेला हेलियम सापडला आणि वाद मिटला. आज जगभर त्यांना ‘ब्राऊनली कण’ म्हणतात. 1981पासून नासा असे कण जपून ठेवते आणि मागेल त्या अभ्यासकाला देते. मला तर प्रभाव म्हणजे हेच वाटतं.

पुढे 1993 साली त्यांनी आणि स्टॅनली लव्ह यांनी पावणेसहा वर्षं अवकाशात राहून आलेल्या यंत्राच्या पत्र्यावरचे बारीक खड्डे मोजले. खड्डे मोजून हिशेब काढला, की पृथ्वीवर वर्षाला सुमारे 40,000 टन धूळ येते.

मग स्टारडस्ट, ब्राऊनलींच्याच नेतृत्वाखालची नासाची मोहीम. 2 जानेवारी 2004ला ते यान विल्ट-2 धूमकेतूच्या गाभ्याभोवतीच्या धुळीच्या ढगातून गेलं आणि गोठलेल्या धुरासारख्या एअरोजेलमध्ये सेकंदाला 6 किलोमीटर वेगाचे कण अलगद रुतले. प्रत्येकामागे गाजरासारखा बोगदा. 15 जानेवारी 2006च्या पहाटे कुपी युटाच्या वाळवंटात उतरली. सप्टेंबर 2004मध्ये नासाच्याच जेनेसिस या दुसऱ्या यानाची कुपी छत्री न उघडल्याने तिथेच आपटली होती, त्यामुळे सगळ्यांचा जीव टांगणीला. आत काय निघालं? धूमकेतू थंडीत, दूर कुठेतरी जन्मतो, मग तिथली धूळ गोठलेलीच असायची. पण निघालं ऑलिव्हिन हे तापलेल्या रसातून बनणारं हिरवट खनिज, आणि त्याहून तापट खनिजं, जी सूर्याजवळच्या भट्टीतच बनतात. म्हणजे ग्रह घडत होते तेव्हा आतला माल पार कडेपर्यंत फेकला गेला होता. तू पाषाणवाला, तुला हे मी काय सांगू!

आता माझी गोष्ट. नॉर्वेचा योन लार्सेन हा जॅझ गिटारवादक शहरातल्या छपरांवर असे कण शोधत होता. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या मॅथ्यू गेंजबरोबर त्याने 2017मध्ये ते खरंच अवकाशातले असल्याचं सिद्ध केलं. 300 किलो गाळातून 500 कण. ते वाचलं आणि गच्ची डोळ्यांसमोर आली.

पाऊस ओसरल्यावर आमच्या चाळीच्या पन्हाळीतला गाळ खरवडला, परातीत धुतला, चाळणीतून गाळला. जुन्या स्पीकरचं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फिरवलं. खसखशीसारखी काळी माती चिकटली. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली रात्री दोनपर्यंत बसलो. चकचकीत गोळ्या भरपूर. बहुतेक वेल्डिंगच्या आणि रेल्वेच्या, परळ म्हटल्यावर दुसरं काय असणार. मुलांना सोमवारी दाखवल्या तेव्हा मात्र वर्गात चिडीचूप झालं. प्रत्येक जण डोळा लावून ‘सर, अजून एकदा’ म्हणत होता.

एक कण वेगळा आहे. गोल, मळकट, चकाकत नाही, वर बारीक समांतर रेघा. ऑलिव्हिन पटकन थिजल्यावर अशा रेघा पडतात म्हणे. पण रेघांवर मी छातीठोक बोलणार नाही, तो कापून आत पाहायला हवा.

काचेच्या नळीत, कापसात घालून हा कण सोबत पाठवतोय. तुझ्याकडे कापून पॉलिश करायची सोय आहे. नळी उघडताना पंखा बंद कर, फुंकर मारू नकोस. काय दिसतं ते कळव, मुलं रोज विचारतात.

तुझा,
अव्या