‘नोंद सापडली नाही’ म्हणजे वस्तू नाही असे नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कंपन्यांच्या संगणकीकरणाबद्दल छापून येते ते बहुतेक नव्या सिस्टीमच्या खरेदीबद्दल, नाहीतर तिच्यामुळे जाणाऱ्या नोकऱ्यांबद्दल. त्या सिस्टीममध्ये एकदा भरलेली गोष्ट पुन्हा सापडते का, यावर कोणी लिहीत नाही. मी एका कारखान्याच्या भांडार विभागात काम करते. सुटे भाग, त्यांचे मटेरियल कोड, खरेदीच्या ऑर्डरी, पुरवठादार हे सगळे फिल्टर लावून शोधणे हेच माझे रोजचे काम. नव्याने येणाऱ्यांना ते शिकवतेही मीच. त्यांना कुठले बटण कुठे आहे एवढे सांगून पाठवले जाते. अट कशी घालायची हे कोणीच सांगितलेले नसते, आणि माल असूनही पुन्हा मागवला जातो तो यामुळेच.

बेअरिंगचेच घ्या. यंत्र बंद पडलेले असते, मेंटेनन्सचा माणूस घाईत ‘बेअरिंग’ असे टाइप करतो, पडद्यावर येते ‘नोंद सापडली नाही’. लगेच तातडीची खरेदी. प्रत्यक्षात रॅकवर तेच बेअरिंग असते, फक्त त्याचे वर्णन कोणीतरी ‘बीआरजी बॉल ६२०५’ असे भरलेले असते. दुसऱ्याने ‘डीप ग्रूव्ह’ असा नुसता प्रकार लिहिलेला असतो, तिसऱ्याने नुसता उत्पादकाचा पार्ट नंबर. आमच्या सिस्टीममध्ये वर्णनाला ४० अक्षरांची जागा आहे. तेवढ्यात बसवायचे म्हणून ज्याला सुचेल तसे प्रत्येकाने तोडले आहे. म्हणून मी नव्या माणसाला सांगते, नावाने शोधू नका, मापाने शोधा. ६२०५ हा बेअरिंगचा ठरलेला क्रमांक. ६२०५ म्हटले की आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२ आणि रुंदी १५. ते कोणीही बनवलेले असो, ही मापे बदलत नाहीत. या तीन अटी एकत्र घातल्या की वर्णन कसेही लिहिलेले असले तरी माल समोर येतो. अर्थात त्यासाठी मापांचे रकाने वेगळे असावे लागतात आणि कोड उघडतानाच भरावे लागतात. तो आळस झाला की पुढच्या प्रत्येक शोधात त्याची किंमत मोजावी लागते. शिवाय याच मापात पत्र्याच्या झाकणाचे झेडझेड येते आणि रबरी सीलचे टूआरएसही येते. जिथे पाणी उडते तिथे पहिले बसवून चालत नाही, म्हणून सीलचीही एक अट हवीच.

रिकामी यादी दिसली की निदान शंका तरी येते. मला जास्त भीती वाटते ती भरलेल्या, पण अपुऱ्या यादीची. प्रलंबित ऑर्डरी काढायच्या म्हणून आपण अट घालतो, ‘स्थिती, बंद नाही’. यादी येते, ती साहेबांकडे जाते, सगळे निर्धास्त होतात. पण ज्या ऑर्डरींमध्ये स्थितीचा रकाना रिकामाच राहिला आहे, त्या या यादीत नसतात. आयबीएममधले संशोधक एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहिती तक्त्यांच्या रूपात ठेवण्याची रीत मांडली. तिच्यावर उभ्या असलेल्या एसक्यूएल या, तक्त्यांतून माहिती शोधण्याच्या भाषेत रिकाम्या रकान्याचा अर्थ ‘माहीत नाही’ असा धरतात. अशा नोंदीला ‘तू बंद नाहीस ना?’ असे विचारले तर उत्तर होही येत नाही आणि नाहीही येत नाही. यादीत फक्त ‘हो’वाल्यांना जागा मिळते. बहुतेक मोठ्या सिस्टीमच्या पोटात हीच भाषा आहे. उपाय एवढाच की अटीत ‘किंवा रिकामे’ हे दोन शब्द जोडायचे. आणि नेमक्या याच ऑर्डरींकडे कोणाचे लक्ष नसते. म्हणून तर त्यांचा रकाना रिकामा राहिलेला असतो!

‘आणि’ व ‘किंवा’ यांचेही तसेच. ‘विभाग मेंटेनन्स किंवा विभाग उत्पादन आणि स्थिती प्रलंबित’ असे लिहिले तर माणूस समजतो की दोन्ही विभागांची प्रलंबित कामे मागितली. संगणक आधी ‘आणि’ जोडतो. मग मेंटेनन्सची झालेली-न झालेली सगळीच कामे येतात आणि प्रलंबितची अट एकट्या उत्पादनाला लागते. ‘किंवा’च्या दोन्ही बाजू कंसात घातल्या की काम भागते. हा कंस शाळेतल्या बीजगणितातलाच आहे, फक्त तो इथेही लागतो हे कोणी दाखवून द्यायला हवे.

तारखेत वेळही साठवलेली असेल तर ‘१ ते ३१’ या अटीत ३१ तारखेचा दिवस निसटू शकतो, कारण नुसती तारीख म्हणजे त्या दिवसाची सुरुवात. काही पडद्यांवर २०० किंवा ५०० ओळींची मर्यादा आधीपासून भरलेली असते आणि यादी तिथेच थांबते. कधी आपल्याला पाहण्याचा अधिकार नसलेल्या नोंदी गुपचूप वगळलेल्या असतात. कधी आदल्या माणसाने जपून ठेवलेला फिल्टर अजून चालू असतो.

मराठीत नोंदी ठेवणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण आहे आणि तिच्याकडे सिस्टीम बनवणाऱ्यांनी लक्ष द्यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. ‘नायलॉनच्या दोऱ्या’ यातले ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाइप होते. एका कीबोर्डवर त्यासाठी युनिकोडमधला (संगणकात प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीतला) स्वतंत्र ‘ऱ’ वापरला जातो, तर दुसऱ्यावर साध्या ‘र’ला हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह लावले जाते. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करणे, केले तरी हे दोघे एक होत नाहीत. म्हणजे एकाने भरलेली नोंद दुसऱ्याला, स्पेलिंग अगदी बरोबर लिहूनही, सापडत नाही. ‘पंप’ आणि ‘पम्प’ निदान डोळ्यांना वेगळे दिसतात. इथे वापरणाऱ्याला कळण्याचा मार्गच नाही, त्यामुळे हा भेद शोधाच्या आतच मिटवायला हवा. आजही मी अशा वेळी शब्दाचा फक्त सुरुवातीचा भाग टाइप करून पुढे तारका लावते, म्हणजे पुढे काहीही असले तरी चालते.

माझे मागणे मोठे नाही. कोणतीही यादी छापली किंवा ईमेलने पाठवली, तर ती ज्या अटींवर काढली त्या अटी वरच छापलेल्या असाव्यात: कोणता रकाना, काय मूल्य, कोणत्या तारखा, ओळींची मर्यादा किती, कोणाच्या लॉगिनने. एक्सेलमध्ये उतरवताना तर या अटी बहुतेक वेळा गळून पडतात, आणि उरलेले आकडे बैठकीत सत्य म्हणून फिरतात. शोध रिकामा आला तर पडद्याने कोरडे ‘सापडली नाही’ म्हणू नये. कोणत्या अटीमुळे किती नोंदी गळाल्या ते दाखवावे. अधिकार नसल्यामुळे काही वगळले असेल तर निदान तसे झाले एवढे तरी सांगावे. आणि सिस्टीमच्या प्रशिक्षणात नोंद भरण्याला जेवढा वेळ मिळतो तेवढाच शोधण्यालाही मिळावा, तोही आपल्याच विभागाच्या खऱ्या नोंदींवर.

आमच्या विभागात आता नव्या खरेदीच्या मागणीसोबत शोधाच्या पडद्याचे चित्र अटींसकट जोडावे लागते. एक शोध नावाने, एक मापाने. दोन्ही रिकामे आले तरच मागणी पुढे जाते.

आपली,
एक भांडार कर्मचारी