संगणक बदलण्याआधी कर्नलचे पर्याय तपासावेत

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत नुकत्याच आलेल्या लेखात, व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक) चालवायचे असेल तर पाच-सहा वर्षांपूर्वीचा संगणक बदलावाच लागेल, असा सल्ला दिला आहे. इंदूरच्या राजेंद्रनगर भागातील काही मुलांना मी संध्याकाळी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम शिकवतो. तो लेख वाचून त्यांतील दोघांचे पालक नव्या संगणकासाठी कर्ज काढावे का, असे विचारायला माझ्याकडे आले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

व्हर्च्युअल मशीनला प्रोसेसरकडून थेट मदत मिळण्याची सोय इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये बाजारात आणली, आणि फेब्रुवारी २००७ मध्ये आलेल्या २.६.२० या आवृत्तीपासून लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, ही सोय वापरणारा केव्हीएम हा भाग आहे. तेव्हा सहा वर्षांचे यंत्र या कामाला जुने ठरत नाही. ही सोय बंद असली की व्हर्च्युअल मशीन चालवणारा क्यूएमू हा प्रोग्राम आतल्या सिस्टीमच्या सूचनांचे सॉफ्टवेअरमधूनच भाषांतर करत बसतो, आणि मिनिटांच्या कामाला तास लागतो. आमच्या वर्गातील एका मुलीच्या घरच्या संगणकावर व्हर्च्युअल मशीनमध्ये डेबियन या लिनक्सच्या प्रकाराचे इन्स्टॉलेशन दुपारभर रेंगाळले होते. प्रोसेसरच्या माहितीत ‘व्हीएमएक्स’ हे अक्षरचिन्ह दिसत होते (एएमडी असता तर ‘एसव्हीएम’ दिसले असते), पण कर्नलच्या संदेशांत मात्र केव्हीएम बायोसमधून (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमधून) बंद असल्याची एक ओळ होती. बायोसमध्ये जाऊन तो पर्याय सुरू केला आणि यंत्राची वीज पूर्ण तोडून पुन्हा जोडली, कारण काही यंत्रांवर नुसते रीस्टार्ट पुरत नाही. त्यानंतर तेच काम चहा होईपर्यंत संपले. ही सोय नवी असतानाच्या काळातील काही स्वस्त प्रोसेसरांत ही सोय मुळातच नव्हती, हे खरे आहे आणि तिथे लेखातील सल्ला लागू पडतो. पण आधी तपासायला नको का?

उबुंटू किंवा डेबियनचा तयार कर्नल वापरणाऱ्यांना एवढेच पुरते, कारण त्यात केव्हीएम मॉड्यूल (गरजेप्रमाणे कर्नलला जोडता येणारा भाग) म्हणून आधीच दिलेले असते. अडचण होते ती स्वतः कर्नल तयार करणाऱ्या विद्यार्थ्यांची, आणि त्यांच्याविषयी मला अधिक कळकळ वाटते. एका शिकवणी वर्गात मुलांना ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ ही आज्ञा देऊन कर्नल सडपातळ करायला सांगितले होते. ही आज्ञा त्या क्षणी चालू असलेली मॉड्यूल्स तेवढी ठेवते आणि बाकीची कॉन्फिगरेशनमधून वगळते, ही गोष्ट मात्र कोणी सांगितली नव्हती. त्या वेळी ही मॉड्यूल्स चालू नव्हती, त्यामुळे केव्हीएम गेले, व्हर्च्युअल मशीनच्या नेटवर्कसाठी लागणारे टन (TUN) आणि ब्रिज हे भाग गेले, आणि मुलांना वाटले की यंत्रच कुचकामी आहे. त्याऐवजी ‘मेक मेन्यूकॉन्फिग’ उघडून व्हर्च्युअलायझेशनच्या विभागात आधी केव्हीएम आणि मग आपल्या प्रोसेसरप्रमाणे इंटेलचा किंवा एएमडीचा पर्याय निवडावा. पहिला निवडल्याशिवाय दुसरा दिसतच नाही, आणि नवशिका तिथेच अडतो. पर्याय सापडत नसेल तर तिरकी रेघ दाबून नाव शोधावे आणि तो कशावर अवलंबून आहे ते तिथेच वाचावे. ही मदतीची पाने इंग्रजीत असतात, पण ती मुलांबरोबर बसून मराठीत समजावून सांगितली की त्यांचा धाक उरत नाही, हा माझा अनुभव आहे.

आत चालणाऱ्या सिस्टीमचा कर्नल स्वतः बांधला असेल तर त्यात व्हर्टआयओचे (व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क, नेटवर्क अशा उपकरणांच्या ड्रायव्हरांचे) पीसीआय, ब्लॉक आणि नेट हे तिन्ही पर्याय हवेत. ब्लॉकचा, म्हणजे डिस्कचा, ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून ठेवला आणि इनिटरॅमएफएसमध्ये (सुरू होताना कर्नलबरोबर मेमरीत येणाऱ्या छोट्या फाईल सिस्टीममध्ये) घातला नाही, तर मूळ फाईल सिस्टीम माउंट करता येत नाही असे सांगून मशीन पहिल्याच मिनिटाला पॅनिक होते, म्हणजे कर्नल जागीच थांबतो. डिस्क बिघडली असे समजून एका मुलाने संपूर्ण इन्स्टॉलेशन तीनदा नव्याने केले होते, ते पाहून मला फार वाईट वाटले. तो पर्याय कर्नलमध्येच कायमचा बसवला, आणि मशीन सुरू झाले.

आठ जीबी मेमरीच्या यंत्रावर एकाच प्रकारच्या दोन-तीन सिस्टीम चालवायच्या असतील तर केएसएम ही कर्नलमधील सोय उपयोगी पडते. सारख्या मजकुराची मेमरीची पाने (छोटे तुकडे) ती एकत्र करते, मात्र त्या बदल्यात प्रोसेसरचा थोडा वेळ घेते. कर्नलमध्ये पर्याय निवडूनही ती आपोआप चालू होत नाही, ‘सिस’ या फोल्डरमधील तिच्या ‘रन’ फाईलमध्ये एक हा आकडा लिहावा लागतो.

आपल्या पुरवणीचा वाचक सल्ल्यावर विश्वास ठेवून पैसे खर्च करतो. तरी पुढील अंकात प्रोसेसरमधील ते अक्षरचिन्ह आणि बायोसमधील तो पर्याय कसा पाहावा, याचा छोटासा खुलासा छापावा, ही विनंती. माझ्याकडे आलेल्या दोन्ही पालकांना मी तोपर्यंत थांबायला सांगितले आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त संगणक शिक्षक,
राजेंद्रनगर, इंदूर