मृगाआधी आंबील ओढ्याचा काठ बांधू या : आवाहन

सप्रेम नमस्कार,

मृग तोंडावर आला आहे आणि ओढ्याचा काठ पुन्हा खचला आहे. छोट्या पुलाजवळच्या वळणावर उंबराची मुळे उघडी पडली आहेत. मागच्या पावसाळ्यापर्यंत तिथे आपला बाक होता. पत्र घाईत लिहीत आहे, चूकभूल द्यावी घ्यावी.

25 सप्टेंबर 2019 ची रात्र आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. घरांत पाणी शिरले, भिंती पडल्या, माणसे गेली. वरच्या मजल्यांवरच्या ज्यांनी त्या रात्री खालच्यांसाठी दारे उघडली, त्यांच्यातूनच आपली समिती उभी राहिली. इस्त्रीवाल्या काकांचे दुकान वाहून गेले होते, तरी पहिले 501 रुपये त्यांचेच. ते पावतीपुस्तक मी जपून ठेवले आहे. आपल्या निवृत्त बाईंनी दोन वर्षे पेन्शनमधून वाळ्याची रोपे घेऊन दिली आणि नाव फलकावर घालू दिले नाही. रिक्षा स्टँडवरच्या मंडळींनी ती रोपे एक पैसा न घेता आणून टाकली. ज्या आजोबांनी रोज पहाटे कळशीने पाणी घालून करंज जगवले, ते आता नाहीत. करंज पहिल्या मजल्याच्या खिडकीला लागले आहेत. या सर्वांचे ऋण मोठे आहे. अभिमानाने सांगतो, वाळा लावलेला काठ मागच्या पावसात जागचा हलला नाही. खचला तो पुढचा, जिथे आपले हात पोहोचले नव्हते.

पेशवाईत कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी शनिवारवाड्यापर्यंत नेले. पर्वतीखालचे, तळ्यातल्या गणपतीचे तळेही याच ओढ्याच्या पाण्याचे होते. अशा ओढ्याला कोणी नाला म्हटले की वाईट वाटते. डोंगरउतारावरचे पाणी पूर्वी मातीत मुरत, गवतातून सावकाश खाली येई. आता डोंगर फोडून बांधलेल्या इमारती, गच्च्या, पार्किंगचे ब्लॉक, सिमेंटचे रस्ते, सगळ्यांचे पाणी पाइपांतून एकदम ओढ्यात पडते. ते तळ खरवडते, तळ खाली गेला की काठाचा पाय सुटतो. मुरलेले काहीच नाही, म्हणून उन्हाळ्यात नुसते सांडपाणी वाहते. आपल्या गच्च्याही यात आल्या.

निवेदने दिली, पोच मिळाली, उत्तर नाही. त्याची आता सवय झाली. पण मागच्या वर्षीच्या सभेला चाळीस खुर्च्या मांडल्या आणि नऊ जण आले, ते मनाला लागले. ज्यांच्या घरातला चिखल आपण खांद्याला खांदा लावून उपसला, त्यांच्यातलेही कोणी फिरकले नाहीत. तरी मी यंदा पुन्हा दारोदार येणार आहे. वळण तुटले तर उंबर जाईल, आणि मागे लगेच घरे आहेत.

काम असे: वळणापासून वरच्या अंगाला, फक्त काठावर (पात्रात कोणी उतरू नये), उताराला आडव्या ओळींत वाळा, मागे निरगुडी व करंज, शिवाय प्रत्येक इमारतीत गच्चीच्या पाण्यासाठी शोषखड्डा. येत्या आणि त्यापुढच्या रविवारी सकाळी 6.30 ते 9, छोट्या पुलाजवळ. कुदळ, फावडे, घमेले असल्यास आणावे, बूट घालावेत, लहान मुलांना काठाशी सोडू नये. वर्गणी घरटी 300 रुपये, जमेल तसे कमीजास्त, रोख किंवा फलकावरच्या क्यूआर कोडवर, पावती घ्यावीच. शोषखड्ड्यांसाठी विटांचे तुकडे व खडी चालेल, बाकी राडारोडा नको. मृगाच्या पहिल्या सरीआधी रोपे मातीत जायला हवीत, म्हणून नावे शुक्रवारपर्यंत कळवावीत. मागचा हिशोब फलकावर लावला आहे.

आपला,
सचिव, ओढा समिती